अण्णांचा स्पीकर

"थांब पोरी, मशीनला आधी मी हात लावणार. मग तू काय उघडायचं ते उघड."

शिवाप्पा मगदुमांनी मला हातानंच मागं सारलं आणि स्वतः खुर्चीत बसले. कपाळावर सकाळच्या पूजेची विभूती, अंगात बंडी, बोटांची टोकं काळी. आयुष्यभर छापखान्यात काढल्यावर ती शाई आता धुऊन निघण्यातली नव्हती. सगळं गडहिंग्लज त्यांना अण्णा म्हणायचं, मीही म्हणायचे. त्यांनी वाकून बटण दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत बसले. कॉम्प्युटर इतका सावकाश उठत होता की तेवढ्या वेळात आमच्या अब्बांनी भिंतीवरचं एखादं घड्याळ खोलून परत जोडलं असतं.

माझे अब्बा म्हणजे बाजारातले नायकवडी घड्याळवाले. त्यांच्याच दुकानात, त्यांचं अर्धं टेबल बळकावून, मी कॉम्प्युटर दुरुस्तीचा संसार मांडला होता. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मुलीच्या हातात कॉम्प्युटर द्यायला लोक बिचकायचे, आणि दिलाच तर मी स्क्रू फिरवत असताना मानेवर श्वास सोडत उभे राहायचे. अण्णांनी तसं कधी केलं नाही. म्हणून त्या दिवशी मीही निमूट उभी राहिले. एरवी निमूट उभं राहणं माझ्या स्वभावात नाही.

अखेर पडदा उजळला आणि मधोमध एक करड्या रंगाची चौकट उमटली. चौकटीत इंग्रजी मजकूर, खाली ओकेचं बटण. अण्णा जरा पुढं झुकले. बंडीच्या खिशातून गोळ्यांची डबी काढली, एक गोळी तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी प्यायले आणि चौकटीकडं बघून म्हणाले, "घेतली रे."

मग त्यांनी माउस धरून ओके दाबलं. चौकट गेली.

"आता बस," ते मला म्हणाले. "आणि आधी स्पीकर बघ. वर्ष होत आलं, आवाजच बंद हाय. सुवर्णाला किती डाव सांगितलं, ती मनावर घेत न्हाई."

सुवर्णावहिनी, म्हणजे त्यांची सून, आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली.

"मशीनच चालंना झालंय अण्णा, त्याचं बघू दे की आधी. पत्रिका उघडली की अडकतंय, सेव्ह करायला गेलं की अडकतंय. लग्नाचे दिवस हाईत. कालचं गिऱ्हाईक निपाणीला गेलं उठून."

"जाईना का. स्पीकर बघायला काय मुहूर्त लागतोय?" अण्णा टोपी घालत उठले. "मी देवळात जाऊन येतो. पोरीला चहा दे."

ते गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि कॉम्प्युटरच्या पोटात डोकावले. आत नुसता कचरा होता. कुणी कुणी आणून टाकलेले फाँट, चार दिवस वापरून सोडून दिलेली सॉफ्टवेअर, अर्धवट काढलेले खेळ, छापून झालेल्या पत्रिकांच्या पाच-पाच नकला. छापखान्यात हे असंच चालतं. नवी पत्रिका करायची म्हणजे जुनी उघडायची आणि तिच्यातली नावं बदलायची, मग जुनी राहते ती राहतेच.

त्यात ती रजिस्ट्री. कुठला प्रोग्राम कुठं राहतो, सकाळी उठल्याबरोबर कुणाला हाक मारायची, हे सगळं कॉम्प्युटर तिथं लिहून ठेवतो. माणसं प्रोग्राम पुसतात, पण पत्ता मागं राहतो. कॉम्प्युटर बिचारा त्या रिकाम्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतो. असे निकामी पत्ते आणि उरलासुरला कचरा काढणं हे तर माझं रोजचं काम होतं.

वहिनींनी चहा आणला तेव्हा मी जरा फुशारकीनंच म्हणाले, "दुपारपर्यंत पळायला लावते बघा. आणि सगळ्यात आधी ती सकाळची चौकट घालवते. अहो, ती चूक आहे. फाइल जागेवर नाही, आणि हा रोज उठून तिला शोधतोय. 'सापडत नाही' म्हणून सांगतोय. पुढं पत्ता पण दिलाय, महांतेश, मग अण्णा, मग गोळी."

वहिनींनी माझं मनगट धरलं.

"ती नको काढू."

"अहो, पण तिचा काही उपयोगच..."

"परवीन, असू दे."

चहा माझ्या हातातच राहिला. त्या बाजूच्या स्टुलावर बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग खालच्या आवाजात बोलायला लागल्या.

महांतेश म्हणजे त्यांचा नवरा, अण्णांचा एकुलता एक मुलगा. आदल्या वर्षी पत्रिकांचे गठ्ठे पोचवून आजऱ्याहून परत येताना रस्त्यात गेला. एवढं मला ठाऊक होतं. मी मयतीला आले होते. छापखान्यात कॉम्प्युटर आणला तो त्यानंच. बाकीचं मला ठाऊक नव्हतं.

"अण्णांना साखर. गोळी घ्यायला विसरायचेच. मी ओरडायची, हे ओरडायचे, ऐकतील तर शपथ. मग ह्यांनी काय केलं, स्वतःचा आवाज भरला आणि एक कायतरी बारकं तयार केलं. मशीन लावलं की आतनं ह्यांचा आवाज यायचा, 'अण्णा, गोळी घेतली का?' आणि तेच इंग्रजी अक्षरात पडद्यावर यायचं. अण्णा गोळी खाऊन 'घेतली रे' म्हणायचे, तवा कुठं ओके दाबायचं. गिऱ्हाइकं हसायची. आम्ही पण हसायचो."

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"हे गेल्यावर छापखाना महिनाभर बंद होता. मग अण्णांनीच उघडला. पहिल्याच सकाळी मशीन लावलं आणि आवाज आला. अण्णा म्हणाले, घेतली रे. मी आत पळाले आणि तोंडात पदर कोंबला. रोज, परवीन. रोज सकाळी माणूस विचारतंय आणि माणूस नाही. एक दिवस अण्णा गावाला गेलेले. मीच मशीन लावलं. मला काय झालं कुणास ठाऊक, सगळा फोल्डरच पुसला. शिफ्ट दाबून. ह्यांनीच शिकवलेलं तसं. म्हणायचे, नको ते कचऱ्याच्या डब्यात साठवत कशाला बसायचं, शिफ्ट दाबून एकदाच उडवायचं."

"आणि अण्णा?"

"दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन लावलं. मी हिथंच उभी होते, मेल्यागत. आवाज आला नाही, नुसती ही चौकट आली. अण्णा म्हणाले, स्पीकर गेला वाटतं. आणि गोळी खाल्ली, घेतली रे म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांना वाटतंय, अजून तोच विचारतोय." त्यांनी डोळे पुसले. "मी पुसला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? त्यांच्या लेकाचा आवाज होता तो. अण्णांना कळता कामा नये. आवाज परत आणता येतोय का तेवढं बघ."

मी पाहिलं. जवळचं होतं नव्हतं ते सगळं वापरून पाहिलं. पुसलेल्या फाइली कधी कधी परत मिळतात, पण त्यांच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर. इथं वर्षभर त्याच जागेवर लोकांची लग्नं लिहिली जात होती. खूप खणल्यावर एक नाव तेवढं हाती लागलं, आवाजाच्या फाइलीचं. वहिनी माझ्या खांद्याला टेकून उभ्या राहिल्या. मी ती फाइल लावली. काही वाजलं नाही. मी परत लावली. स्पीकर चांगला होता, आवाज पूर्ण वाढवला होता, आणि काही म्हणजे काही वाजलं नाही. त्या फाइलीच्या जागेवर आता कुणाच्या तरी पत्रिकेतल्या वरातीच्या घोड्याचं चित्र होतं.

"नाही वहिनी," मी म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझा आवाज उगीच चिडका होतो. "आधी आला असता तर काही करता आलं असतं."

"आधी कुठनं येऊ? सांगायचं काय?" त्या हळूच म्हणाल्या. "मग बाकीचं सगळं काढ. ती चौकट तेवढी राहू दे. अण्णांना तेवढंच राहिलंय. आणि स्पीकरचं विचारतील, तर गेलाय म्हणून सांग."

"आणि तुम्हाला रोज बघावं लागतं त्याचं काय?"

"लागू दे," असं म्हणून त्या स्वयंपाकाला आत गेल्या.

मी साफसफाई सुरू केली. निकामी पत्ते एकामागून एक उडवत गेले, ते खेळ, ते फाँट, ती मेलेली सॉफ्टवेअर. महांतेशच्या पत्त्यापाशी आले की पुसायच्या यादीतली त्याच्यावरची खूण काढून पुढं जायचे. मशीन हलकं होत चाललं होतं, आणि माझं मात्र कामात लक्ष नव्हतं.

अण्णा परत आले. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि विचारलं, "झाला का स्पीकर?"

"पार गेलाय अण्णा. आतनं जळलाय."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग आतल्या दाराकडं बघून त्यांनी ते हलकेच लोटून घेतलं आणि माझ्यासमोर बसले.

"तुझा बा घड्याळाचं खोटं सांगत न्हाई कधी. तुला पण जमत न्हाई."

"अण्णा, खरंच..."

"गप. हिकडं ये."

छापखान्याच्या मागच्या भिंतीला खिळ्यांची जुनी लाकडी कपाटं होती. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. कॉम्प्युटर यायच्या आधी अण्णा एकेक खिळा वेचून ओळी जुळवायचे, त्याच्यावरच लग्नं आणि बारशी छापली जायची. आता कपाटांवर कागदाचे रीम ठेवलेले असायचे. अण्णांनी खालचा खण ओढला आणि आतून एक स्टिक काढली. हातात धरून अक्षरं लावायची ती लोखंडी पट्टी. तिच्यात दोन-तीन ओळी तयार होत्या, सुतळीनं बांधलेल्या. इंग्रजी अक्षरं, खिळ्यांची असतात तशी उलटी.

मला उलटं वाचायला वेळ लागला. आधी महांतेशचं नाव ओळखू आलं, मग बाकीचं कळलं. चौकटीतला मजकूर जसाच्या तसा होता.

"मला इंग्रजी येत न्हाई, ते खरं हाय," अण्णा म्हणाले. "पण अक्षरं जुळवता येतात. इंग्रजी पत्रिका पण जुळवल्यात की, अर्थ न कळता. ह्याचा आवाज बंद झाला, तवा मी बघितलं, पडद्यावरची अक्षरं पण बदलल्यात. पयल्यापेक्षा जास्त हाईत. मग रोज सकाळी ओके दाबायच्या आधी थोडी थोडी अक्षरं डोळ्यांत ठेवायची आणि हितं येऊन लावायची. पुरी झाल्यावर एक कागद काढला आणि मेडिकलवाल्याला दाखवला. तो म्हणाला, अण्णा, हे म्हणतंय की सापडत न्हाई."

"मग तुम्हाला पहिल्यापासून..."

"कुणी पुसलं, ते काय मेडिकलवाल्याला इचारायला पायजे? घरात माणसं दोन."

"मग स्पीकर, स्पीकर कशाला करता सारखं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"हळू बोल. मी स्पीकरचं काढलं न्हाई तर तिला कळंल की मला कळलंय. मग ती हितं राहील का? खाली मान घालून माहेरला जाईल."

त्यांनी स्टिकवरून अंगठा फिरवला. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली होता की मला पुढं झुकावं लागलं.

"तुला एक सांगतो. कुणाला सांगितलं न्हाई. तो आवाज मला बी सोसत नव्हता. रोज सकाळी बटणाला हात लावूच नये वाटायचं. तरी लावायचो. ती आत हाय, तिला वाटंल म्हातारा लेकाला विसरला. आणि ज्या दिवशी आवाज आला न्हाई, त्या दिवशी मला बरं वाटलं. बापाला बरं वाटलं, परवीन. तिनं जे केलं ते माझ्या हातनं झालं नसतं. तिचं उपकार हाईत माझ्यावर. पण असं तोंडानं कसं बोलायचं?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि त्यांनी ते शाईच्या बोटांनी पुसलं. मी रडत होते, आणि मला दोघांचाही राग येत होता. एकाच छपराखाली दोन माणसं, एकमेकांसाठी रोज सकाळी तोच काटा पायात भरून घेत होती. आणि मला मध्ये बसवलं होतं.

"ती चौकट काढून टाक," अण्णा म्हणाले. "मी ओके दाबेपर्यंत ती दारात उभी असते. तोंड बघवत न्हाई तिचं."

"वहिनी म्हणाल्या, राहू दे. तुमच्यासाठी."

"म्हणंलच ती. तू काढ. सफाईत चुकून गेली म्हणून सांग. आणि उद्या सकाळी मशीन लावायच्या वेळंला ये. तू असलीस की ती मला कायबी इचारणार न्हाई."

मी टेबलापाशी परत आले. महांतेशच्या पत्त्यावर खूण केली. बटण दाबायच्या आधी मागं वळून पाहिलं. अण्णांनी स्टिकची सुतळी सोडली होती आणि एकेक खिळा उचलून ते ज्याच्या त्याच्या खणात टाकत होते. बघायची गरज नव्हती, हात आपोआप जात होता.

"काम झालं की अक्षरं जाग्यावर टाकायची असतात," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "न्हाईतर पुढच्या कामाला कमी पडतात."

शिसं लाकडावर पडल्याचा बारीक आवाज येत राहिला. मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा अण्णा पूजा करून नुकतेच बाहेर आले होते. वहिनी नेहमीच्या जागी, दारात. अण्णा खुर्चीत बसले, वाकून बटण दाबलं. मशीन झटक्यात उठलं. पडदा उजळला, पिवळ्या फुलांचं चित्र आलं, आणि एवढंच. फुलांच्या पुढं काही आलं नाही.

वहिनींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी तिथून पळून जावं असं मला वाटलं.

"सफाईत गेली वाटतं वहिनी," मी म्हणाले. "चुकून."

अण्णांनी डबी खिशातून काढली होती. ती त्यांच्या हातात होती, मिटलेली. ते फुलांकडं बघत होते. आदल्या दिवशी मला सगळं नीट समजावून सांगणारे अण्णा आता डबी उघडायचीच विसरले होते. इतके दिवस रोज सकाळी कुणीतरी विचारलं होतं, आणि आता कुणीच विचारत नव्हतं. मी तोंड उघडणार होते, पण ते शब्द माझे नव्हते.

"अण्णा," मागून आवाज आला. वहिनींचा. "गोळी घेतली का?"

अण्णांचे खांदे हलले. ते मागं वळले नाहीत. त्यांनी डबी उघडली, गोळी तोंडात टाकली, आणि तांब्या उचलताना पाणी बंडीवर सांडलं.

"घेतली गं," ते म्हणाले.

मग ते उठले आणि खुर्ची तिच्याकडं सरकवली. "बस. पत्रिका अडकल्यात तुझ्या." आणि मला मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं, म्हणाले, "हा स्पीकर ने तुझ्याकडं. दुरुस्त होतोय का बघ."

मी स्पीकर काखेत मारून दुकानात आले. अब्बांनी तो उलटासुलटा करून पाहिला, तार जोडून वाजवला आणि भुवया वर केल्या. "ह्याला तर काहीच झालेलं नाही."

"नाही," मी म्हणाले. "राहू दे इथंच."

अण्णा पुढं बरीच वर्षं होते. वहिनींबरोबर बाजारात आले की आमच्या दारात थांबून विचारायचे, "झाला का गं स्पीकर?" मी म्हणायचे, "पार्ट आला नाही अण्णा अजून." ते मान हलवून पुढं जायचे. एकटे आले, तर कधी विचारायचे नाहीत.

अण्णा गेल्यानंतरच्या दिवाळीत वहिनी नव्या मशीनचं बोलायला दुकानात आल्या. बोलता बोलता त्यांची नजर फळीवर गेली. त्यांनी हात लांब करून स्पीकर खाली घेतला आणि त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली.

"हा अण्णांचा ना?"

"हो."

"बिघडलेलाच आहे अजून?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्याही माझ्याकडं बघत होत्या, अगदी शांत.

"हो वहिनी," मी म्हणाले.

त्यांनी तो होता तिथं परत ठेवला. "असू दे," त्या म्हणाल्या.